जेवणाच्या सुट्टीतला बिघाड

आमच्या फ्रिजच्या दारावर चौदा महिने एक कागद होता. त्यावर पाच ओळी होत्या. नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर ३०, सॉफ्टवेअर डिफाइन्ड इन्फ्रास्ट्रक्चर २५, ट्रान्सपोर्ट १५, सिक्युरिटी आणि सर्व्हिसेस १५, ऑटोमेशन १५. खाली बेरीज, १००. माझ्या लेकीला तेव्हा नुकतं वाचता येऊ लागलं होतं. तिला वाटायचं ही आईची मार्कलिस्ट आहे आणि आईला सगळ्यात कमी मार्क पडलेत.

ती होती नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीआयई एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या परीक्षेतल्या विषयांची टक्केवारीतली वजनं. २४ फेब्रुवारी २०२० पासून जुन्या राऊटिंग-स्विचिंगच्या जागी ही परीक्षा आली. आधी एनकोर नावाची लेखी परीक्षा द्यायची, ती सुटली की तीन वर्षांच्या आत प्रात्यक्षिकाला बसायचं. प्रात्यक्षिक आठ तासांचं. पहिले तीन तास आराखड्याचे, त्यात हात लावायला यंत्र नसतं, नुसती कागदपत्रं, आकृत्या, ईमेल वाचून निर्णय द्यायचे. पुढचे पाच तास खरी जुळणी आणि दुरुस्ती. पहिल्या भागातून बाहेर पडलं की मागे फिरता येत नाही. आपल्याला बंगळूरला जावं लागतं आणि माझ्या वेळी एका खेपेची फी १,६०० डॉलर होती, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या पुढे. ही रक्कम मुद्दाम लिहिते आहे, कारण काय शिकायचं हे ठरवताना ती सतत मानगुटीवर बसलेली असते. एक चुकीचा महिना गेला तर तो नुसता महिना जात नाही.

माझ्याकडे वेळ होता पहाटे सव्वाचार ते पावणेसात, आठवड्यातले सहा दिवस. म्हणजे आठवड्याला पंधरा तास, महिन्याला साठ. त्यानंतर दूध, डबा, शाळेची व्हॅन आणि मग ऑफिस. पुण्यातल्या एका नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये मी अकरा वर्षं काढली होती, त्यामुळे सुरुवात करताना फारशी धाकधूक नव्हती. मी एक्सेल उघडलं आणि साठ तासांना टक्केवारीने भागलं. पायाभूत नेटवर्कला अठरा तास, एसडी-वॅन आणि एसडी-ॲक्सेस (शाखांचं आणि ऑफिसातलं जाळं मध्यवर्ती सॉफ्टवेअरवरून चालवण्याच्या रचना) यांना मिळून पंधरा, बाकी तिघांना नऊ-नऊ. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग दिला. तो तक्ता बघून मला फार समाधान वाटलं होतं. आता अभ्यास म्हणजे फक्त रकाने भरायचे, असं वाटलं.

तीन महिने मी रकाने भरले. त्या तीन महिन्यांत प्रत्यक्षात काय झालं ते नंतर नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं. पायाभूत नेटवर्कच्या अठरा तासांतले दहा-बारा तास मी बीजीपी, म्हणजे मोठ्या जाळ्यांनी एकमेकांना मार्ग सांगण्याची पद्धत, वाचत होते. बीजीपी मला येतं. नोकरीत रोज तेच आहे. सर्वोत्तम मार्ग निवडताना आधी वेट, मग लोकल प्रेफरन्स, मग स्वतः उगम केलेला मार्ग, मग एएस-पाथची लांबी, मग ओरिजिन, मग मेड, हा क्रम झोपेत विचारला तरी सांगेन. तरीही पहाटे उठून मी तोच वाचत होते, कारण येणारी गोष्ट वाचताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो. पानं भराभर उलटतात. मल्टिकास्टचं (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याचं) पान मात्र एकेक तास उलटत नाही, म्हणून हात आपोआप तिकडून दूर जातो. तक्त्यात दोन्ही एकाच रंगाचे.

मग ती मार्चमधली पहाट आली. तिच्याविषयी जरा सविस्तर सांगते.

मी एमपीएलएसचं, म्हणजे माहितीच्या पाकिटांवर लेबलं लावून ती पुढे ढकलणारं, एक साधं जाळं उभं केलं होतं. सिस्कोच्या सीएमएलची (संगणकावरच आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वैयक्तिक आवृत्ती वापरत होते, तिच्यात एका वेळी वीसच यंत्रं चालवता येतात, म्हणून मांडणी छोटी. मधे एक राऊटर, दोन टोकांना दोन, आणि त्या दोघांच्या पलीकडे एकेक ग्राहक. आत मार्ग शोधणारं ओएसपीएफ चालू, लेबलं वाटणाऱ्या एलडीपीने ती वाटलेली, दोन टोकांमध्ये बीजीपी. सगळं हिरवं. बीजीपीचे शेजारी उभे आहेत. या ग्राहकाचे मार्ग त्या टोकाला दिसताहेत, त्याचे या टोकाला. एका टोकाच्या लूपबॅकवरून (राऊटरच्या आतल्या कायम चालू पत्त्यावरून) दुसऱ्या टोकाच्या लूपबॅकला पिंग (पोचतंय का हे बघणारी हाक) जातो. फक्त एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे पिंग जात नाही. पाच ठिपके, म्हणजे पाचही हाका वाया. पुन्हा पाच ठिपके.

मी सगळ्यात आधी बीजीपी तपासलं, कारण मला तेच येतं. मग व्हीआरएफ (प्रत्येक ग्राहकाचा वेगळा मार्ग-तक्ता), मग रूट-टार्गेट, म्हणजे त्या तक्त्यांतल्या मार्गांच्या आयात-निर्यातीचे आकडे अक्षर-अक्षर जुळवून पाहिले. सगळं बरोबर. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. खाली सोसायटीत पाण्याची मोटर सुरू झाली. मी एका टोकाचा राऊटर पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहिला. तेच ठिपके. लेक उठली, माझ्या मांडीवर येऊन बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. त्या दिवशी डबा तिच्या बाबांनी केला.

ऑफिसात दिवसभर डोक्यात तेच घोळत होतं. संध्याकाळी घरी येऊन मी मधल्या राऊटरवर गेले, जिथे सकाळी गेलेच नव्हते, आणि त्याच्या लेबलांचा तक्ता उघडला. पलीकडच्या टोकाच्या लूपबॅकसमोर ‘पॉप लेबल’ असायला हवं होतं. तिथे ‘नो लेबल’ लिहिलेलं होतं.

या दोन शब्दांतला फरक टपालाच्या थैलीवरून सांगते. थैलीवर शहराचं नाव, आतल्या पत्रांवर घराचे पत्ते. मधल्या कार्यालयाने थैलीवरची चिठ्ठी बघून ती पुढे ढकलायची असते, आतली पत्रं बघायची नसतात. ‘पॉप’ म्हणजे शेवटच्या टप्प्याआधी वरची चिठ्ठी काढली, आतला पत्ता तसाच ठेवला. ‘नो लेबल’ म्हणजे थैलीच फोडली. मधल्या राऊटरने दोन्ही लेबलं काढून टाकली, आत ग्राहकाचा पत्ता निघाला, आणि ग्राहकांचे पत्ते मधल्याला माहीत नसतात. तीच तर त्या सगळ्या रचनेतली गंमत आहे. त्याने पाकीट टाकून दिलं.

का फोडली थैली? कारण पलीकडच्या टोकाला लूपबॅकचा मास्क (/३२ म्हणजे एकच पत्ता, /२४ म्हणजे पत्त्यांचा अख्खा गट) मी /२४ दिला होता. ओएसपीएफची रीत अशी की लूपबॅकला तो एकट्या यंत्राचा पत्ता समजतो आणि मास्क काहीही असो, जगाला /३२ म्हणूनच सांगतो. एलडीपीने मात्र यंत्रावर जे जाळं दिसलं त्याचं, म्हणजे /२४ चं लेबल वाटलं. मार्ग /३२ चा, लेबल /२४ चं. दोघांची गाठ पडेना. मास्क बदलून /३२ केला आणि पाच उद्गारचिन्हं आली, पिंग पोचला.

त्या उद्गारचिन्हांनी आनंद झालाच, पण मी नंतर बराच वेळ फ्रिजवरच्या कागदासमोर उभी होते. हा बिघाड यातल्या कोणत्या ओळीत बसतो? ओएसपीएफ पहिल्या ओळीत, तीस टक्क्यांत. एमपीएलएस तिसऱ्या ओळीत, पंधरा टक्क्यांत. ओएसपीएफ एकटं घेतलं तर निर्दोष होतं. एमपीएलएसची प्रत्येक आज्ञा पुस्तकाबरहुकूम होती. बिघाड दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत होता आणि माझ्या एक्सेलमध्ये त्या जागेला रकानाच नव्हता.

माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग जोडणारा, लावणारा, बिघडला की उभा करणारा. चोवीस मागांचा खडखडाट चालू असताना कोणत्या मागाचा आवाज बदलला हे ते दारातूनच ओळखायचे. त्यांच्या हाताखाली नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस त्याने नुसतं बघायचं, कांड्या भरायच्या, तेल घालायचं. मग एके दिवशी अण्णा त्याला चहा आणायला पाठवत आणि मागे चालू मागात काहीतरी बिघडवून ठेवत. कुठे एखादा पट्टा सैल, कुठे एखादा नट अर्धा फेरा मोकळा. आडवा धागा नेणारा धोटा उडेल असं काही मात्र ते कधीच करत नसत, उडालेल्या धोट्याने माणसाचा डोळा जातो. पोरगा परत आला की एवढंच म्हणायचे, “कापड बघ आणि काय झालंय सांग.” पोरगा आधी त्याला जो भाग माहीत असायचा तिकडेच धावायचा. अण्णा म्हणायचे, “हात नगं लावू. आधी कुठं अडलंय ते बघ की.”

त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. लेबलं, मास्क यातलं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की पोरांना शिकवताना काय बिघडवायचं हे तुम्ही कसं ठरवायचा. ते म्हणाले, “त्याला जे वाटतंय की येतंय, त्याच्या शेजारचं.”

मी तो तक्ता बंद केला तो कायमचा.

सीसीआयईचा जुना इतिहास वाचताना मला कळलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. उत्तीर्णांना मिळणाऱ्या क्रमांकांपैकी १०२४ हा पहिला माणसाला दिलाच नाही, तो खुद्द प्रयोगशाळेला दिला. १०२५ परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना, आणि परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेले पहिले टेरी स्लॅटरी, क्रमांक १०२६. तेव्हा ही परीक्षा दोन दिवसांची असे, ऑक्टोबर २००१ पासून ती एका दिवसाची झाली. दोन दिवसांच्या त्या काळात दुसऱ्या दिवशी उमेदवार जेवायला गेला की परीक्षक त्यानेच उभ्या केलेल्या जाळ्यात बिघाड घालून ठेवत. जेवून यायचं आणि आपलंच काम, जे तासाभरापूर्वी चालत होतं, ते का चालत नाही हे शोधायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सॅन होजेची प्रयोगशाळा आलीच नाही. चहाची किटली घेऊन गल्लीतून परत येणारा पोरगा आला.

तर मी वही घातली. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर विषय लिहायचा नाही, बिघाड लिहायचा. ‘ओएसपीएफ’ असं नाही, तर ‘शेजारी एक्सस्टार्टमध्ये (जोडणीच्या एका पायरीवर) अडकला आहे, पुढे सरकत नाही’. उजव्या पानावर तो बिघाड घडवून आणण्याचे मला सुचतील तेवढे मार्ग. एमटीयू, म्हणजे पाकिटाच्या आकाराची मर्यादा, जुळत नाही, हा पहिला. मग प्रत्येक मार्ग खरोखर करून बघायचा, आणि प्रत्येक वेळी यंत्र काय म्हणतं, कोणत्या तक्त्यात काय दिसतं, ते शब्दशः उतरवायचं. जे डावं पान लिहिलं आणि उजवीकडे दोनच ओळी सुचल्या, तो विषय मला येत नाही. ज्याचं डावं पानच लिहिता आलं नाही, म्हणजे हे बिघडलं तर बाहेरून काय दिसेल हेच माहीत नाही, तो तर मुळीच येत नाही. काय शिकायचं याचं उत्तर मला पहिल्यांदा तिथे मिळालं. मल्टिकास्टची डावी पानं कोरी होती. क्यूओएसची (कोणत्या पाकिटाला आधी वाट द्यायची याची) कोरी होती. बीजीपीची भरलेली होती, पण बीजीपीच्या शेजारचं, म्हणजे बीजीपीचे मार्ग ओएसपीएफमध्ये आणि तिथून परत उलट आणताना जो घोळ होतो, त्याचं उजवं पान अर्धं.

त्या अर्ध्या पानावर मी पुढे तीन आठवडे घालवले. दोन राऊटरांवर दोन्ही बाजूंनी मार्गांची देवघेव करायची, मार्ग कुठून आला हे सांगणारे टॅग लावायचे नाहीत, आणि काय होतं ते बघायचं. बीजीपीच्या जागी ईआयजीआरपी (ओएसपीएफसारखीच आणखी एक पद्धत) घेतलं, की बाहेरून आलेला त्याचा मार्ग १७० अंतराचा, तोच ओएसपीएफमधून फिरून आला की ११०. राऊटर आकडा बघतो, लहान तो खरा. मग पाकीट लांबच्या वळशाने जातं, किंवा दोघांच्या मधे घुटमळतं. नोकरीत मी हे नियमाने टाळत आले होते, टॅग लावायचे हे ठाऊक होतं. टॅग न लावता काय दिसतं हे अकरा वर्षांत कधी पाहिलेलं नव्हतं.

ऑफिसात आमचे एक वरिष्ठ आहेत, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी २००८ मध्ये जुनी राऊटिंग-स्विचिंगची परीक्षा दिली होती. त्या वेळी अभ्यासक्रमात फ्रेम रिले (शाखा जोडण्याचं जुनं तंत्र) असे, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते काढून टाकलं. मी एकदा त्यांना म्हटलं, “सर, तुमचे फ्रेम रिलेचे ते सहा महिने वाया गेले ना?” ते रागावले नाहीत. त्यांनी मला डीएमव्हीपीएनचं, म्हणजे शाखा जोडणाऱ्या टनेलांच्या जाळ्याचं, चित्र काढायला सांगितलं. मधे हब, भोवती स्पोक, स्पोक एकमेकांना थेट दिसत नाहीत. मग विचारलं, यावर ओएसपीएफ ब्रॉडकास्ट प्रकारात चालवलं आणि एखादा स्पोक डीआर, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, होऊन बसला तर? बाकीचे स्पोक त्याच्याशी बोलू शकणार नाहीत, मार्ग गळतील, म्हणून स्पोकची प्रायॉरिटी शून्य करायची. ईआयजीआरपी चालवलं तर? हबला एका स्पोककडून आलेला मार्ग त्याच इंटरफेसमधून दुसऱ्याला सांगायचा असतो, जिथून शिकलं तिथेच परत सांगायचं नाही हा स्प्लिट होरायझनचा नियम आडवा येतो, तो हबवर बंद करायचा. सर म्हणाले, “आमच्या फ्रेम रिलेत हीच दोन दुखणी होती. तार बदलली, आकार तोच आहे.”

या एका संभाषणाने माझी कितीतरी पानं वाचवली. मी डीएमव्हीपीएन हा नवा विषय म्हणून न घेता हब आणि स्पोकच्या आकाराचं दुखणं म्हणून घेतलं. स्पोकना एकमेकांकडे थेट वाट देणाऱ्या तिसऱ्या फेजमध्ये हबवर रीडायरेक्ट, स्पोकवर शॉर्टकट, हे पाठ करणं सोपं आहे. त्यातलं एक काढलं तर काय होतं हे बघितलं की ते पाठ करावं लागत नाही, पिंग चालू राहतो आणि ट्रेसराऊटमध्ये (पाकिटाच्या वाटेच्या यादीत) हब निघता निघत नाही. टनेलचा तर एक बिघाड मला इतका आवडतो की मी तो नवीन येणाऱ्या सगळ्यांना दाखवते. टनेलच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता टनेलमधूनच शिकायचा. टनेल उभा राहतो, मार्ग येतो, मार्ग आला म्हणून टनेल स्वतःच्याच पोटातून जाऊ बघतो, पडतो, पडला की जुना मार्ग परत येतो, पुन्हा उभा राहतो. यंत्र बिचारं ओरडून सांगत असतं की रिकर्सिव्ह राऊटिंगमुळे टनेल बंद करतो आहे. ओळ लक्षपूर्वक वाचली की पुरे.

काही गोष्टी घरी करताच येत नव्हत्या, त्यांचं काय करायचं हाही निर्णयच होता. एसडी-ॲक्सेस चालवायला सिस्कोचं डीएनए सेंटर लागतं (आता त्याला कॅटलिस्ट सेंटर म्हणतात), आणि ते आपल्यासारख्यांच्या घरात येणारं यंत्र नाही. माझे बरेच सहकारी म्हणाले, मग व्हिडिओ बघ आणि पुढे जा. मी वेगळं केलं. त्या रचनेच्या पोटात तीन गोष्टी आहेत, कोण कुठे आहे हे सांगणारं लिस्प, पाकिटं वाहून नेणारं व्हीएक्सलॅन, आणि कोणी कोणाशी बोलायचं हे ठरवणारं ट्रस्टसेक. लिस्प साध्या आभासी राऊटरवर हाताने लिहिता येतं. मी महिनाभर तेच केलं. पत्त्यांची नोंद ठेवणारा मॅप-सर्व्हर बंद करून बघितला, नोंद चुकवून बघितली. नंतर सिस्कोच्या डीक्लाउड या ऑनलाइन प्रयोगशाळेत तासा-दोन तासांसाठी खरं डीएनए सेंटर मिळालं तेव्हा त्या चकचकीत पडद्यामागे काय चाललं आहे हे मला दिसत होतं. हा निर्णय बरोबर होता असं मी आजही ठामपणे सांगेन.

ऑटोमेशनबद्दल मात्र थोडक्यात. पायथन पूर्ण शिकायला बसले असते तर वर्ष गेलं असतं. मी रेस्टकॉन्फने (प्रोग्राममधून यंत्राशी बोलण्याच्या पद्धतीने) एका इंटरफेसची माहिती आणायची, तिच्यातून हवं ते काढायचं, बदलून परत पाठवायची, एवढंच पक्कं केलं. तशीच दुसरी पद्धत नेटकॉन्फ, ८३० पोर्टवर; आणि यांगचा, म्हणजे माहितीच्या मांडणीचा, वृक्ष वाचता यायला हवा. बाकी सोडलं. सोडताना वाईट वाटलं नाही, कारण याचे बिघाड बहुतेक एका स्वल्पविरामाचे असतात आणि ते यंत्र लगेच सांगतं.

एसडी-वॅनसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक जुनं वर्कस्टेशन आणलं होतं, भरपूर रॅम असलेलं, कारण त्याचं नियंत्रण-सॉफ्टवेअर, व्हीमॅनेज, एकटंच सोळा जीबी घेऊन बसायचं. जूनमध्ये पहिल्या पावसात आमच्याकडे दिवसभर वीज नव्हती. आली तेव्हा मी सगळं सुरू केलं, आणि आदल्या रात्री चालत असलेलं एसडी-वॅन उभंच राहीना. एकाही टोकाचं नियंत्रकाशी जोडणं होत नव्हतं. इतिहास काढला तर कारण एकच: समोरच्याचं सर्टिफिकेट पडताळता आलं नाही. सर्टिफिकेटं पुन्हा घालू का, असा विचार आला होता. पण तोवर वहीची सवय लागली होती. हात न लावता बघत बसले. सर्टिफिकेटच्या तारखा ठीक होत्या. मग राऊटरला विचारलं, आज तारीख काय? त्याने कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख सांगितली. त्याच्या हिशोबाने ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच यायची होती. वर्कस्टेशनच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती, वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं होतं आणि आभासी यंत्रांनी तीच वेळ उचलली होती. घड्याळं जुळवणारं एनटीपी मी लावलंच नव्हतं. अभ्यासक्रमात एनटीपी चौथ्या ओळीतला एक बारीक उपमुद्दा, ‘येतं’ म्हणून मी कधीच सोडलेला. त्याने दुसऱ्या ओळीतले पंचवीस टक्के आडवे केले. वहीत ते पान लाल शाईने आहे.

एका गोष्टीबद्दल लिहू की नको हा विचार केला, पण लिहितेच. तयारीच्या मध्यावर मला एका क्लासवाल्यांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, एवढं कशाला वाचता, ‘खरी लॅब’ आमच्याकडे आहे, पीडीएफ मिळेल, चार आठवडे पाठ करा, बसा. किंमत परीक्षेच्या फीपेक्षा कमी होती. मी थकलेली होते. रोज सव्वाचारला उठणाऱ्या माणसाला चार आठवडे हा शब्द फार गोड लागतो. परीक्षेआधी प्रत्येक उमेदवार प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर सही करतो. त्या पीडीएफमधलं प्रत्येक पान कोणीतरी ती सही मोडून आणलेलं असतं. मी नाही म्हटलं. नियमाची भीती होतीच, पण खरं कारण वेगळं. रात्री तीनला फोन वाजतो तेव्हा पलीकडे एखाद्या रुग्णालयाची किंवा बँकेची शाखा बंद पडलेली असते. तिथलं जाळं कुणाच्या पीडीएफमध्ये नसतं. क्रमांक घेऊन आलेला आणि त्या वेळी गप्प उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्या चेहऱ्यावरचं ते एकटेपण मला नको होतं. त्याचं वाईटही वाटतं, कारण काय शिकायचं हे त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणी ठरवलं होतं, पैसे घेऊन.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. परीक्षेत काय आलं ते सांगता येणार नाही, माझीही सही आहे. एवढं सांगते की बंगळूरहून परत येताना गाडीत मी वही उघडली आणि सोलापूर यायच्या आत नऊ नवी डावी पानं लिहिली, सगळी माझ्या मनाने, जिथे माझा हात थबकला होता त्या आकाराची. पहिल्या तीन तासांसाठी तर वेगळंच करावं लागलं. तिथे यंत्र नाही, म्हणून आमच्या नोकरीतल्या जुन्या निर्णयांवर मी सरांसमोर बसून उलटतपासणी करून घेतली. हे असंच का केलं, दुसरं काय शक्य होतं, ग्राहकाने कोणती अट घातली होती. दुसऱ्या खेपेला झालं. निकालाचा ईमेल आला तेव्हा मी कुकरची तिसरी शिट्टी मोजत होते. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “झालं न्हवं? आता झोप जरा.”

फ्रिजवरचा कागद लेकीने काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मांजर काढलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या पाळीतला एक मुलगा माझ्याकडे आला. बार्शीचा आहे, हुशार आहे, नुकतीच लेखी सुटली आहे. हातात तोच पाच ओळींचा कागद आणि रंगीत एक्सेल. म्हणाला, “ताई, तीस टक्क्यांपासून सुरू करू की पंचवीसच्या? एमपीएलएस मला चांगलं येतं, ते शेवटी ठेवलं तर चालेल ना?”

मी म्हटलं, मांड बघू तुझं एमपीएलएस. त्याने अर्ध्या तासात सगळं उभं केलं. पाठांतर नव्हतं, समजून केलं होतं, आज्ञा लिहिताना तो मला कारणं सांगत होता. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे पिंग गेला. पाच उद्गारचिन्हं.

“छान,” मी म्हटलं. “जा, दोन चहा घेऊन ये.”

तो लिफ्टकडे वळेपर्यंत थांबले. मग पलीकडच्या टोकाच्या राऊटरवर गेले, लूपबॅकचा मास्क /३२ चा /२४ केला, पडदा पुसला आणि त्याची खुर्ची पुन्हा होती तशी ठेवली.

तो कप घेऊन आला, बसला, आणि सवयीने पिंग दिला.

पाच ठिपके. त्याचा हात लगेच बीजीपीकडे गेला.

“थांब,” मी म्हटलं. “हात नको लावू अजून.”